सिल्क बोर्डला मुजेल्लो समजणाऱ्यांना

बंगळुरात स्पोर्ट बाइकचा मागचा टायर गोटा झाला की सल्ला शोधायला कुठे जावं लागत नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, जे. सी. रोडवरच्या दुकानात, रविवारी पहाटे नंदी हिल्सच्या वाटेवर इडली-वड्याच्या टपरीपाशी तो आपण होऊन चालत येतो, आणि सगळीकडे एकच असतो. बाइकला चाकं दोनच, जमिनीशी संबंध तळहाताएवढ्या रबराचा. तिथे पैसे वाचवशील तर जिवाशी खेळशील. तेव्हा बाजारात मिळेल तो सगळ्यात चिकट टायर घाल, जमलं तर एक नंबर रुंद घाल, आणि शक्यतो बाहेरच्या देशातला घाल. याहून कमी काही घालणारा एक तर चिक्कू असतो, नाहीतर त्याला बाइक कळत नाही.

यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. मागच्या चाकावर स्वारासकट दीडशे किलो भार आणि टायरमध्ये 32 पीएसआय हवा धरली, तर जमिनीला टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ साधारण 65 ते 70 चौरस सेंटिमीटर भरतं. सल्लागार म्हणतात तसा खरंच तळहात. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. टायरवर सढळ हातानं खर्च करणाऱ्याला हसावं असं काही त्यात नाही. माझं भांडण पुढच्या निष्कर्षाशी आहे. बंगळुरातल्या रस्त्यांवर आणि बंगळुरातल्या हवेत सगळ्यात चिकट टायर हा बहुतेक वेळा सगळ्यात सुरक्षित टायर नसतो. पुष्कळदा तो त्याच्या निम्म्या किमतीच्या टायरपेक्षा धोक्याचा असतो.

रबराची पकड तापमानावर ठरते, आणि प्रत्येक मिश्रणाचं, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत कंपाउंडचं, काम करायचं आपलं असं तापमान असतं. शर्यतीचं कंपाउंड चांगलं तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून तर शर्यतीआधी चाकांना विजेवर तापणारी आवरणं गुंडाळून टायर 80-90 अंशांपर्यंत नेऊन ठेवतात. त्याखाली त्याची अवस्था थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलासारखी होते: बाटली तीच, तेल तेच, पण हातावर थेंब पडत नाही. रस्त्यावर वापरायची परवानगी असलेले ट्रॅककडे झुकलेले टायर, उदाहरणार्थ पिरेलीचा डियाब्लो सुपरकोर्सा एसपी, इतके हट्टी नसतात हे कबूल. पण त्यांचा कल त्याच दिशेचा असतो. त्यांच्यावर खाचा कमी, कडेचा भाग जवळजवळ कोरा, आणि सगळी करामत टायर नीट तापल्यावरची. इथे सल्लागार म्हणतात, 'अहो, पण तो रोड लीगल आहे!' आहेच. कायद्यानं रस्त्यावर चालतो, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावर तो चांगला चालतो की नाही, हे कायदा सांगत नाही.

टायर तापायला काय लागतं? वेग, जोराचं ब्रेकिंग, जोराचा पिकप, आणि हे सगळं सलग. आता बंगळूर पाहा. टॉमटॉम या कंपनीनं 2022 सालासाठी जगभरच्या शहरांची जी पाहणी केली, तीत बंगळुराच्या मध्यभागात 10 किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं 10 सेकंद लागत होते; याहून संथ फक्त लंडन निघालं. म्हणजे ताशी वीस-एकवीस किलोमीटर. सायकलवाला बरा. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार महापालिकेच्या हद्दीत दुचाकीची वेगमर्यादा 60 आणि चौपदरी महामार्गावर 80. ती कोण पाळतं, असं विचारलंत तर मीही गप्प बसेन. पण सिल्क बोर्डच्या चौकात ती मोडायची इच्छा असली तरी सोय नाही. तिथे क्लच धरून डावा हात भरून येतो. त्या गर्दीत इटलीतल्या मुजेल्लोच्या शर्यतीला शोभेल असा टायर घालून उभं राहणाऱ्याचा टायर तापत नाही. तापतं त्याचं इंजिन, आणि तो स्वतः.

शहराबाहेर पडल्यावर तरी? पूर्वी म्हैसूर रस्ता होता. त्याच्या जागी आलेल्या 118 किलोमीटरच्या नव्या द्रुतगती मार्गाचं उद्घाटन मार्च 2023 मध्ये झालं आणि 1 ऑगस्ट 2023 पासून त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकींना बंदी आली. आता मोटारसायकलवाला बाजूच्या सर्व्हिस रोडनं जातो, जिथे दर गावाला गतिरोधक आहे, उलट्या दिशेनं येणारा ट्रॅक्टर आहे आणि उसाची मोळी सांडलेली आहे. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. टायर निवडणाऱ्यानं मात्र आपल्याला उरलेला रस्ता तेवढाच आहे हे धरून चालावं.

मग राहते नंदी. सल्लागारांचा हुकमी एक्का. 'घाटात बाइक झोपवायची तर चिकट टायरच पाहिजे.' नंदीचा डोंगर 1,478 मीटर उंच, शहरापासून साठेक किलोमीटरवर. तिथे जाणारे अंधारात निघतात, कारण सूर्योदय गाठायचा असतो. डिसेंबर-जानेवारीत शहरातच पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास असतो, डोंगरावर त्याहून कमी, वर धुकं आणि दवानं ओला झालेला रस्ता. त्याआधीचा बल्लारी रस्ता जवळजवळ सरळ. सरळ रस्त्यावर टायरचा फक्त मधला पट्टा जमिनीला लागतो, म्हणून तापतोही तेवढाच. कडेचा भाग, म्हणजे वळणावर ज्याच्यावर सगळा भरवसा ठेवायचा तो भाग, तासभर वाऱ्यावर गार होत आलेला असतो. आजकाल पुष्कळ टायरांत मध्ये टणक आणि कडेला मऊ अशी दोन कंपाउंडं असतात, आणि ट्रॅककडे झुकलेल्या टायरची कड जास्तच मऊ, म्हणजे जास्तच ऊब मागणारी. अशा कडेवर पहिल्याच हेअरपिनला कुणी बाइक झोपवली की ती झोपूनच राहते. मग टपरीपाशी निदान होतं: वाळू होती. कधीकधी असतेही.

महाराष्ट्रातून इथे नोकरीला आलेल्या आपल्या मुलांचं मला नवल वाटतं. एमएच-12 नाहीतर एमएच-09 ची पाटी घेऊन, कर्नाटकाचा आजीवन कर भरण्यावरून आरटीओशी हुज्जत घालून, गणपतीला हीच बाइक घेऊन घरी जातात. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सातारा. पुण्यापर्यंत साडेआठशेच्या आसपास किलोमीटर. या रस्त्यावर मऊ टायरचं काय होतं हे त्यांना ठाऊक असतं, तरी घालतात तोच. मधला पट्टा झिजून सपाट होतो. गोल टायर चपटा झाला की बाइक वळताना त्या चपट्या भागाच्या कडेवर अडखळते आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते. म्हणजे ज्या वळणाच्या सुखासाठी चिकट टायर घेतला ते सुख दोन फेऱ्यांतच संपतं, आणि टायर मात्र कडेला नवाकोरा दिसत राहतो. शिवाय गणपतीच्या सुमारास बेळगाव-निपाणीकडे पाऊस असतो. तिथे कमी खाचांचा टायर घालून जाण्याला धाडस म्हणता येईल, पण सल्लागार आम्हाला सुरक्षेच्या नावानं तो विकत होते, हे विसरू नये.

पावसाचं प्रकरण मोठं आहे. बंगळुरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्याकडच्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही. एप्रिल-मेच्या आंबेसरींनी सुरुवात होते, सप्टेंबर-ऑक्टोबरला तो ऐन जोरात असतो. त्यांतली सगळ्यात वाईट ती एप्रिलची पहिली संध्याकाळची सर. तीन-चार महिन्यांचं ऑइल, धूळ, टायरांचा भुगा आणि गुलमोहराच्या पाकळ्या यांचा लगदा रस्त्यावर पसरतो. त्यात मेट्रोच्या कामासाठी अंथरलेले लोखंडी पत्रे, काँक्रीटच्या रस्त्यांचे सांधे, आणि थर्मोप्लास्टिकचे पांढरे पट्टे. इथे उपयोगी पडतं ते सिलिका जास्त असलेलं कंपाउंड, जे कमी तापमानातही लवचीक राहतं, आणि पाणी बाजूला काढणाऱ्या खाचा. स्पोर्ट-टूरिंग म्हणून जो वर्ग ओळखला जातो, मिशेलिनचा रोड 5 हा त्यातला प्रसिद्ध, त्याची सगळी हुशारी इथे खर्च झालेली असते. 2018 साली तो आला तेव्हा साडेपाच हजारांहून जास्त किलोमीटर चाललेला रोड 5 ओल्यात आमच्याच नव्याकोऱ्या जुन्या मॉडेलइतक्याच अंतरात थांबतो, असा कंपनीचा दावा होता. कंपनीचे दावे जपूनच घ्यावेत. पण दावा कशाबद्दल केला ते बघा: झिजल्यावरची ओल्यातली पकड. ट्रॅकच्या टायरची जाहिरात असला दावा चुकूनही करत नाही.

हवेचं गणितही याच पावसाशी बांधलेलं आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या नासाच्या लँग्ली केंद्रात विमानांच्या चाकांवर प्रयोग झाले. पाण्याच्या थरावर चाक जमीन सोडून तरंगायला लागतं तो वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, असं त्यांतून निघालं. ते सूत्र 32 पीएसआयला लावलं तर ताशी 94 किलोमीटरच्या आसपास येतं, 24 पीएसआयला 82 च्या आसपास. बाइकचा टायर गोलाकार असल्यानं तो पाणी कापत जातो, म्हणून हे आकडे तसेच्या तसे घ्यायचे नाहीत. दिशा मात्र तीच: हवा कमी, तर तरंगणं लवकर. आता हे रविवारच्या मंडळींच्या आवडत्या रिवाजाशेजारी ठेवून पाहा. 'ट्रॅकवर मागे 28 ठेवतात' असं कुठेतरी ऐकून पेट्रोल पंपावर हवा सोडायची. ट्रॅकवर दाब कमी ठेवतात कारण तिथे टायर तापून आतला दाब झपाट्यानं वाढतो, आणि मोजणारे पुष्कळदा गरम टायरवरच मोजतात. रस्त्यावर गार टायरमध्ये तेवढीच हवा ठेवली तर टायर लदबदतो, पावसात लवकर तरंगतो, आणि बंगळुरी खड्ड्यात गेल्यावर अलॉय रिम वाकते. रिम सरळ करून देणाऱ्यांचा धंदा या शहरात बरा चालतो, त्याचं श्रेय सगळंच रस्त्यांच्या ठेकेदारांना देऊ नये. बाइकच्या स्विंगआर्मवर नाहीतर चेनच्या कव्हरवर कंपनीनं दाबाचा स्टिकर चिकटवलेला असतो. तो फुकट असतो, बहुधा म्हणूनच कुणी वाचत नाही. नायट्रोजन भरून घेण्याचंही तेच. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आधीच असतो.

आता माझा मुख्य साक्षीदार. बंगळुरापासून चाळीसेक किलोमीटरवर, अत्तिबेलेची वेस ओलांडली की तामिळनाडूतलं होसूर लागतं. तिथे टीव्हीएसचा कारखाना आहे. या कंपनीचा शर्यतीचा विभाग 1982 पासून आहे. ट्रॅकवर टायर काय करतो हे तिला टपरीवरच्या कुणापेक्षाही जास्त कळतं. तिनं डिसेंबर 2017 मध्ये अपाचे आरआर 310 बाजारात आणली. पूर्ण फेअरिंग, खाली वाकलेला स्वार, शार्क माशासारखं तोंड. दिसायला अस्सल शर्यतीची. पहिल्या गाडीला मिशेलिन पायलट स्ट्रीट होते. लोकांनी, परीक्षकांनी टायर सुधारा म्हटलं. जानेवारी 2020 मध्ये बीएस-6 ची आवृत्ती आली, तेव्हा कंपनीनं टायर खरोखर सुधारले. काय घातलं? मिशेलिन रोड 5. स्पोर्ट-टूरिंग. त्याच वेळी गाडीला 'रेन' हा वेगळा मोडही दिला. 2021 मध्ये तिच्यासाठी रेस किट विकत मिळू लागलं, हँडल खाली आणि पायदांड्या वर करून देणारं. टायर रोड 5 च राहिले.

यावर ठरलेलं उत्तर असं की कंपन्या पैसे वाचवायला हलके टायर देतात. पुष्कळदा देतात, खरं आहे. म्हणून 'कंपनीनं दिला तोच घाला' हाही काही युक्तिवाद नव्हे. पण रोड 5 हा स्वस्त टायर नाही. तो आपल्याकडच्या दुकानात याच मापाच्या देशी रेडियलच्या साधारण दुप्पट पडतो. ज्या कंपनीला पैसे वाचवायचे होते तिनं हा टायर निवडलाच नसता, आणि जिला नुसती चिकटपणाची फुशारकी मारायची होती तिनंही नसता. ताशी 160 च्या आसपास जाणाऱ्या, भारतीय रस्त्यांवर बारा महिने चालवायच्या स्पोर्ट बाइकला काय लागतं, याचं उत्तर होसूरच्या अभियंत्यांनी खर्च करून दिलं आहे. ते उत्तर बंगळुराच्या वेशीवर उभं असताना आपण मुजेल्लोला का विचारायला जातो?

रुंदीचं वेड त्याहून जुनं. मागून बाइक 'भरलेली' दिसली पाहिजे. केटीएम 390 किंवा आरआर 310 ला मागे 150/60-17 हे माप असतं. हौशी माणूस तिथे 160/60 बसवतो. आर15 ला 140 असतं, तिथे 150 कोंबतो. जास्त रुंद म्हणजे जास्त रबर जमिनीवर, म्हणजे जास्त पकड, असा त्यामागचा हिशेब. पण जमिनीला टेकणारं क्षेत्र मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात. तेवढाच भार आणि तेवढाच दाब असेल तर रुंद टायरचा ठसा आडवा वाढतो आणि उभा आखडतो. एकूण क्षेत्र फार वाढत नाही. शिवाय 150 चा टायर साधारण चार इंची रिमसाठी घडवलेला. 160 ला त्याहून रुंद रिम लागते. ती न देता कोंबला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो आणि कडेचं रबर कधी जमिनीला लागतच नाही. पैसे रुंदीचे दिले, मिळाला अरुंद टायर. व्यास साधारण 12 मिलिमीटरनं वाढतो, म्हणजे 2 टक्के. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या फिरण्याची तुलना करत बसलेल्या एबीएसच्या हिशेबात आपण होऊन चूक घालून ठेवली. 125 सीसीवरच्या सगळ्या बाइकांना 2019 पासून सरकारनं एबीएस सक्तीचं केलं. ते ज्या मापावर जुळवलं आहे ते माप मात्र फोटोसाठी बदलायचं!

टायरच्या कडेवर जो न वापरलेला पट्टा राहतो, त्याला रविवारचे लोक 'चिकन स्ट्रिप' म्हणतात. ज्याचा पट्टा रुंद तो भित्रा. इडलीच्या बश्या हातात घेऊन दुसऱ्याच्या मागच्या चाकाकडे वाकून बघणारी शिकलीसवरलेली माणसं ज्यानं पाहिली नसतील त्यानं एकदा तरी पाहावीत. हा पट्टा नुसता कोनावर अवलंबून नसतो. टायरचा आकार, रिमची रुंदी, स्वार अंग किती बाहेर काढतो, यांवरही असतो. खरं तर कुशल स्वार अंग आत झुकवून बाइक कमी झोपवतो आणि त्याचा पट्टा रुंद राहतो. पण या एका पट्ट्याच्या लाजेनं बंगळुरात जेवढे मऊ टायर विकले जातात तेवढे कुठल्याही जाहिरातीनं विकले जात नसतील.

परदेशी टायरबद्दल माझा आकस नाही. मिशेलिन, पिरेली, आणि पिरेलीच्याच घरातला मेट्झेलर, यांच्या कामाला तोड नाही. पण 12 जून 2020 रोजी परकीय व्यापार महासंचालनालयानं मोटारी, ट्रक आणि दुचाक्यांच्या नव्या टायरांची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'मर्यादित' यादीत टाकली. तेव्हापासून परवान्याशिवाय आयात नाही. माल तुटक येतो, किमती चढतात, हवं ते माप हव्या त्या महिन्यात नसतं. मोठ्या बाइकांच्या मालकांना या धोरणाचा त्रास झाला आणि त्यांची तक्रार रास्त आहे: 190/55 सारखी मापं देशात फारशी कुणी बनवत नसताना ती अडवून कोणत्या देशी उद्योगाचं भलं होणार होतं? एवढ्यापुरता मी सल्लागारांच्या बाजूचा. पण त्याच तुटवड्यानं एक निराळा धंदाही फोफावला. कपाटात वर्षं काढलेला टायर 'इम्पोर्टेड, सार, लास्ट पीस' म्हणून खपवायचा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. ते न वाचता पैसे देणारा माणूस मला कळत नाही. रबर पडून पडून कडक होतं; मऊ म्हणून घेतलेला जुना टायर ताज्या साध्या टायरपेक्षा कडक निघू शकतो. त्याहून वाईट म्हणजे ट्रॅकवरून उतरवलेले, 'अजून अर्धे बाकी' असलेले टायर. तापून-गार होऊन, पुन्हा तापून त्यांची पकड आधीच खर्च झालेली असते. खाचा दिसतात, पण रबर मेलेलं असतं.

आणि घरचं काय आहे तेही पाहावं. दहा वर्षांपूर्वी देशी स्पोर्ट रेडियल म्हटलं की लोक तोंड वाकडं करत, आणि ते बरोबर होतं. आता एमआरएफचा स्टील ब्रेस आहे, अपोलोचा अल्फा एच1, टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, सीएटचा स्पोर्टरॅड. हे रेडियल 390 च्या वर्गातल्या बाइकांना नेमक्या मापात मिळतात, आणि देशातच बनत असल्यानं ताजे मिळण्याची शक्यता जास्त. ते सुपरकोर्साची बरोबरी करतात का? तापलेल्या, कोरड्या ट्रॅकवर नाही. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर सकाळी आठ वाजता रिमझिम पावसात, पुढच्या कॅबनं अचानक ब्रेक मारल्यावर कोणता टायर बरा पडेल यावर मी पैज लावीन. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पैजेची रक्कमही थोडी वाचेल.

माझा खरा राग मात्र एका दृश्यावर आहे, जे जे. सी. रोडला रोज दिसतं. मागे झगझगीत आयात टायर आणि पुढे मूळचा, झिजखुणेला टेकलेला, कडा खरवडलेला. 'पुढचा अजून चालेल.' मागचा टायर दिसतो, त्याचा फोटो निघतो. पुढच्याचा कुणी काढत नाही. पण जोराचा ब्रेक लागला की सगळं वजन पुढे येतं. थांबवतो तो पुढचा, आणि घसरला तर सावरायला वेळ न देणाराही तोच. मागचा घसरला तर पुष्कळदा बाइक सावरते. पुढचा सुटला की माणूस खालीच. सुरक्षेसाठी मी पैसे वाचवत नाही म्हणणाऱ्यानं एका आयात मागच्या टायरच्या पैशात ताज्या देशी रेडियलची जोडी घेतली असती, तर त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला असता.

याचा अर्थ दुसऱ्या टोकाच्या मंडळींनी खूश व्हावं असा नाही. तेही आहेतच: 'काका, हा टायर तीस हजार किलोमीटर जातो' म्हणून कडक, कम्यूटर बाइकचा टायर स्पोर्ट बाइकला चढवणारे. टायरच्या बाजूवर 66एच असं लिहिलेलं असतं, त्यातला 66 म्हणजे 300 किलो भार आणि एच म्हणजे ताशी 210. कंपनीनं मागितलंय त्याच्या खाली या दोन्हींत उतरायचं नाही, मग तुम्ही कधी 80 च्या वर जा अगर न जा. जिगणीत बनणारी अल्ट्राव्हायोलेटची एफ77 घ्या: दोनशे किलोच्या आसपास वजन आणि विजेचा तो एकदम मागचं चाक ढकलणारा टॉर्क. अशा गाडीखाली स्वस्त बायस टायर घालणं हा वेगळ्या जातीचा मूर्खपणा आहे, पण मूर्खपणाच. बायस आणि रेडियल मिसळू नये हा नियमही असाच; तो मोडायचा अधिकार फक्त कंपनीला. यामाहानं आर15 ला पुढे बायस आणि मागे रेडियल दिला तो तपासून दिला. आपण तो प्रयोग घरी करू नये.

ज्यांना मऊ टायर खरोखर लागतो असेही लोक बंगळुरात आहेत, आणि त्यांचं या लेखाशी भांडण होणार नाही. ते बाइक टेम्पोत घालून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर नेतात. चाकं तापवायची आवरणं बरोबर असतात, प्रत्येक फेरीनंतर दाब मोजतात, वहीत लिहितात, आणि टायर किती वेळा तापला-गार झाला याची नोंद ठेवतात. परवडलं तर रिमचा दुसरा जोड बाळगतात: एकावर ट्रॅकचं मऊ रबर, दुसऱ्यावर रस्त्याचे टायर. संध्याकाळी परत येऊन सोमवारी मारतहळ्ळीला ऑफिसला जाताना बाइकला तो दुसरा जोड असतो.